बेने इस्रायलांच्या मशिदीचा कारभार

1950 सालचा, मूळचा मुंबई इलाख्याचा आणि विदर्भ महाराष्ट्रात आल्यावर आपल्याकडेही लागू झालेला जो सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आहे, त्याच्या आरंभीच ‘सार्वजनिक न्यास’ कशास म्हणावे हे सांगताना देऊळ, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग आणि अग्यारी अशी धर्मस्थानांची मालिका एका दमात दिलेली आहे. अकोल्याच्या व अमरावतीच्या धर्मादाय कार्यालयांत या अधिनियमाखाली ठेवलेल्या नोंदपुस्तकांतून वऱ्हाडातील देवळांची, मठांची आणि यात्रेच्या संस्थानांची नावे पानोपानी आढळतील. सिनेगॉगची नोंद लिहिण्याचा प्रसंग मात्र तेथील कारकुनावर आलेला नाही, कारण पूर्णेच्या खोऱ्यात यहुद्यांचे प्रार्थनामंदिर कधी उभेच राहिले नाही. असे असूनही हा विषय वऱ्हाडच्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो. ज्या मूठभर मराठी माणसांनी धर्मगुरूवाचून, पुरोहितवर्गावाचून आणि राजाश्रयावाचून, केवळ नेटक्या सामाजिक कारभाराच्या बळावर आपला धर्म शतकानुशतके जिवंत ठेवला, त्यांची ती कारभाराची रीत गावोगावच्या पंचांनी आणि विश्वस्तांनी जाणून घ्यावी अशीच आहे.

ही माणसे म्हणजे कोकणातील बेने इस्रायल. त्यांची परंपरा सांगते की, फार प्राचीन काळी अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या जिवंत बाहेर आल्या, आणि ग्रंथ, पोथ्या, सामानसुमान सर्व समुद्रार्पण झाले. बुडालेल्यांची कलेवरे नवगावला पुरली, आणि ती जागा आजही त्यांच्या वंशजांना तीर्थासारखी आहे. उरलेल्यांनी तेलाचे घाणे धरले. शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम मोडला नाही, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. ते गावोगाव पांगले, गावांची नावे त्यांच्या कुळांना चिकटली, आणि त्यांतून पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर, राजपूरकर ही मराठमोळी आडनावे निर्माण झाली. भाषा मराठी, स्त्रियांचा वेष लुगड्याचा, सणांची नावेसुद्धा मराठी: वर्षारंभाचा नव्याचा सण, उपासाच्या महादिवसाचा दारफळणीचा सण, मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा बिरड्याचा सण. इतक्या सर्व बाबतींत भोवतालच्या कुणब्या-कोळ्यांशी एकरूप झालेला हा समाज आपल्या तीन-चार आचारांच्या बाबतीत मात्र रेसभरही ढळला नाही: शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्यातील निषिद्धे, आणि ‘शेमा’ या एकाच प्रार्थनेचे पाठांतर.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. यहुदी धर्मात कोहेन आणि लेवी ही पुरोहितांची कुळे मानली जातात. बेने इस्रायलांत परंपरेने ही कुळे नाहीत. रब्बी, म्हणजे धर्मशास्त्र जाणणारा आणि निर्णय देणारा आचार्य, तोही त्यांच्यात नव्हता. मग प्रश्न सोडवायचे कोणी? त्यांच्याच आख्यायिकेनुसार डेव्हिड रहाबी नावाचा एक विद्वान कोकणात आला, त्याने या लोकांना ओळखले, धर्माचे विस्मृत पाठ पुन्हा शिकवले, आणि झिराड, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांतील माणसे निवडून त्यांना हे काम सोपवले. त्यांना काजी म्हणत. हे काजी गावोगाव फिरत, लग्ने लावत, सुंता करत आणि तंटे तोडत. पण काजी फिरता. गाव मात्र स्थिर. म्हणून नित्याची व्यवस्था गावातल्याच वडीलधाऱ्यांकडे राहिली, आणि पुढे मशीद उभी राहिली तेव्हा हीच व्यवस्था तिच्या कारभारात उतरली. (जुने बेने इस्रायल आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत, मुंबईचे मशीद बंदर स्टेशन त्यांच्या जुन्या मशिदीवरून ओळखले जाऊ लागले असे मानतात.)

पहिली मशीद 1796 साली मुंबईत मांडवीच्या वस्तीत उभी राहिली. बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले देशी अंमलदार. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले. सुटून परत येईन तर देवाचे घर बांधीन असा त्यांनी केलेला नवस या मशिदीच्या रूपाने फेडला गेला, अशी कथा आहे. ‘शाअर हारहामीम’, दयेचे द्वार, असे तिचे नाव. ज्या रस्त्यावर ती उभी आहे तो आज सॅम्युएल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. मंदिर तर झाले, पण चर्मपत्रावर हाताने लिहिलेला तोराचा, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाचा, सेफर नव्हता. तो मिळवण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तेथेच वारले. मशिदीच्या कामासाठी घर सोडून गेलेला आणि त्याच कामात देह ठेवलेला हा पहिला कारभारी. त्याच्या मागोमाग या मशिदींच्या दप्तरांतून कितीतरी नावे येतात, ज्यांचा इतिहासात उल्लेख नाही, पण ज्यांनी रात्री उशिरापर्यंत कंदिलाच्या उजेडात जमाखर्च जुळवला. त्यांच्याविषयी मला अधिक आदर वाटतो.

एकोणिसाव्या शतकात मशिदी भराभर वाढल्या: रेवदंड्याला 1842, अलिबागला 1848, पनवेलला 1849, पेणला 1863, ठाण्याला 1879. पुण्यास सावकार डेव्हिड ससून यांनी विटांचे गॉथिक घाटाचे जे भव्य प्रार्थनामंदिर बांधवले ते 1867 मध्ये पुरे झाले, पण ससून त्याआधीच 1864 मध्ये निवर्तले होते आणि त्यांची समाधी त्याच आवारात आहे. पुणेकर या मंदिराला लाल देऊळ म्हणतात. ससून हे बगदादी यहुदी, अरबी बोलणारे, धनाढ्य. त्यांच्या मंदिरांमागे मोठमोठ्या देणग्या होत्या. कोकणातल्या मशिदींमागे मात्र पगारदार माणसे होती: पलटणीतले हवालदार, रेल्वेतले कारकून, बांधकाम खात्यातले ओव्हरसियर, सुतार, गवंडी. अलिबागच्या इस्रायल आळीतील ‘मागेन अबोथ’ 1910 मध्ये नव्याने बांधली गेली ती अशाच लोकांच्या वर्गणीतून. म्हणूनच या मशिदींत पै-पैचा हिशेब हा धर्माचाच भाग होता.

कारभाऱ्यांची रचना अशी. शिरोभागी मुकादम. त्याच्या हाताखाली चार-पाच चौगुले, म्हणजे समाजातील जाणते. खजिना गब्बायाकडे. प्रार्थना चालवणारा हझान हा बहुधा पगारी. आणि दिवे लावणे, पुस्तके मांडणे, आवार झाडणे, घरोघर निरोप सांगणे ही कामे करणारा शमाश. मुकादम आणि चौगुला ही पदे कोकणातल्या ग्रामव्यवस्थेतून आली, गब्बाय, हझान व शमाश ही इब्रू परंपरेतून. एकाच ओसरीवर दोन्ही नांदली. लग्न ठरले की मुकादमाला कळवावे, त्याच्या संमतीने तारीख पडावी. नवऱ्याकडून मशिदीला ठरलेला हक्क यावा. बारसे, सुंता, सगळ्या प्रसंगी ठरल्याप्रमाणे पैका जमा व्हावा. कोणी आचार मोडला तर सभा बसावी, दोषी पक्षाने दंड भरावा आणि मलिद्याने समाजात पुन्हा घेतले जावे, असा तो क्रम. हा मलिदा म्हणजे पोहे, खोबरे, साखर आणि पाच प्रकारची फळे यांचे एक ताट, एलियाहू हनबी या संदेष्ट्याच्या नावाने मांडलेले. नवस फिटला, घरात लग्न निघाले, कोणी लांबच्या प्रवासाला निघाले, की हे ताट मांडतात, आशीर्वादाचे शब्द म्हणतात आणि सर्वांना वाटतात. यहुद्यांच्या अन्य कोणत्याही शाखेत न आढळणारा हा विधी कोकणच्या मातीचा आहे.

या व्यवस्थेत सर्वांत अवघड जागा गब्बायाची. मशिदीत धर्मकृत्याचे जे मान असतात, त्यांचा सणासुदीला आणि पुष्कळदा शनिवारीही लिलाव होतो. पवित्र पेटी, म्हणजे हेखाल, कोणी उघडावी. सेफर कोणी बाहेर काढावा. तो दोन्ही हातांनी उंच धरून समाजाला कोणी दाखवावा. वाचनाच्या वेळी कोणास पुकारावे. अशा एकेका मानाची बोली लागते, आणि ज्याची बोली वरचढ त्याला तो मान. पण शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी लिहिण्यास आणि पैशाला हात लावण्यास धर्माची बंदी. मग बोली झाली ती नोंदवायची कुठे? ती गब्बायाच्या स्मरणात. पेटी उघडण्याचे अमक्याने इतके बोलले, सेफर उचलण्याचे तमक्याने इतके, पुढच्या वाचनाचे तिसऱ्याने इतके, हे सर्व मनात साठवून तो घरी जातो, आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसल्यावर दिवा लावून वही उघडतो. एकाही आकड्याचा घोळ होऊन चालत नाही, कारण कोणी दुप्पट भरले किंवा कोणाची बोली राहून गेली तर पुढच्या शनिवारी त्या माणसाचा चेहरा बदललेला दिसतो. पावती फाडायची, वसूल करायचे, न भरणाऱ्याकडे दोन वेळा जायचे, तिसऱ्या वेळी मुकादमाला सांगायचे. आणि हे करताना समोरचा माणूस कोणाचा मामा, कोणाचा व्याही, हेही सांभाळायचे. छोट्या समाजात कर वसूल करणारा आणि करदाता एकमेकांच्या पंक्तीला बसतात. त्यातून निभावून नेणारा गब्बाय हा एक प्रकारचा मुत्सद्दीच म्हटला पाहिजे.

लिलावाची ही पद्धत काहींना रुचत नाही. देवाच्या दारी बोली कसली, असे ते म्हणतात. माझे मत निराळे आहे. गरीब मशिदीला दुसरे उत्पन्न नव्हते, आणि श्रीमंताचा पैसा देवळाकडे वळवण्याचा याहून खुला मार्ग मला तरी दिसत नाही, कारण बोली सर्वांदेखत होते, रक्कम सर्वांना ठाऊक होते आणि वहीत न उतरलेला पैसा दुसऱ्याच दिवशी आळीत चर्चेला येतो. आपल्याकडील कितीतरी संस्थानांच्या दानपेट्यांची चावी एकाच माणसाच्या करदोट्याला असते. तुलना वाचकाने करावी.

सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात, हा यहुदी धर्माचा नियम. नऊ असले तर प्रत्येकाने एकट्याने म्हणावयाच्या प्रार्थना चालतात, पण सेफर उघडत नाही, मृताच्या नावाने म्हणावयाचा कद्दीश म्हणता येत नाही. म्हणून लहान मशिदीच्या कारभाऱ्याचा खरा व्यवसाय माणसे मोजण्याचा. शनिवारची सकाळ घ्या. हझान उभा आहे, सात-आठ म्हातारे बाकांवर बसले आहेत, वरच्या सज्जात दोन-तीन बायका. घड्याळ पुढे सरकते. कोणाचा नातू परीक्षेला गेला, कोणी तापाने पडला, कोणी जावयाकडे मुक्कामाला. कारभारी एक डोळा दारावर ठेवून प्रार्थनेचा आरंभीचा भाग जरा संथपणे चालू देतो. शेवटी कोणी दूरचा, कोणी रेल्वेने आलेला पाहुणा असा दहावा माणूस उंबरठ्यात येतो आणि दाराच्या चौकटीवरल्या मेझूझेला, म्हणजे धर्मवचनाच्या डबीला, हात लावून आत शिरतो, तेव्हा खोलीतला प्रत्येक जण ताठ होतो. सेफर बाहेर काढण्याचा इशारा होतो. त्या दहाव्याला कोणी ओळखत नसले तरी चालते. त्या क्षणी तोच सर्वांत महत्त्वाचा.

आता एखादा बेने इस्रायल रेल्वेत नोकरीला असून मुंबईहून अकोल्यास किंवा बडनेऱ्यास बदलून आला असे समजा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, डाक आणि बांधकाम खाते यांच्या नोकऱ्यांमागोमाग त्या समाजाची माणसे देशभर पांगली होती, हे प्रसिद्धच आहे. त्याच्या घरी दहा पुरुष कोठून जमणार? शब्बाथ तो घरातच पाळणार, त्यात मुंबईहून आलेल्या पत्रिकेत शुक्रवारी दिवे लावण्याची जी वेळ छापलेली असते ती तशीच धरली तर चुकेल, कारण अकोला मुंबईच्या पूर्वेस चार अंशांहून थोडे अधिक आहे आणि तेथे सूर्य सुमारे सोळा-सतरा मिनिटे आधी मावळतो, अमरावतीस त्याहूनही दोन-तीन मिनिटे आधी. मुंबईच्या वेळेवर विसंबणाऱ्याचा शब्बाथ उशिरा सुरू होईल, म्हणजे मोडेल. म्हणून त्याला सूर्य डोळ्यांनी पाहावा लागेल, आणि सणासाठी रजेचा अर्ज टाकून मुंबईची गाडी धरावी लागेल. बदलीच्या गावी धर्म पाळण्याची ही सारी जबाबदारी त्या एकट्या घराण्यावर. मशिदीचा गब्बाय त्याच्यासाठी एवढेच करू शकतो की वार्षिक वर्गणीच्या यादीतून त्याचे नाव कमी होऊ देत नाही.

जेथे कारभार तेथे कलह. मुंबईच्या बेने इस्रायलांतही जुनी मशीद, नवी मशीद असे पक्ष झाले, मशिदींच्या मिळकतींच्या आणि पदांच्या भांडणांत कोर्टाच्या पायऱ्या चढल्या गेल्या, आणि समाजाच्या मराठी नियतकालिकांतून दोन्ही बाजूंनी लेखण्या सरसावल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लहानशा समाजाने ‘सत्यप्रकाश’, ‘इस्रायल आश्रम’, ‘बेने इस्रायल’ अशी कितीतरी पत्रे काढली. हे वाचून वऱ्हाडकरांनी नाक मुरडू नये. आपल्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या व्यवस्थेचा दिगंबर व श्वेतांबर पंथांतील वाद 1929 साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता, आणि पुढे 1981 पासून कुलूपबंद असलेले ते मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये उघडले. देवस्थानाच्या मिळकतीचा हिशेब हा आपल्या प्रांताला नवा प्रश्न नाही. अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाला पाठबळ दिले, एवढे सर्वांच्या लक्षात राहिले. परंतु त्यांनी 1932 साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात हिंदू देवस्थान संपत्तीविषयीचे विधेयक आणले होते, देवस्थानांची संपत्ती लोकांच्या शिक्षणासाठी आणि हितासाठी वापरली जावी असे त्यांचे म्हणणे होते, हे फार थोडे सांगतात. या दृष्टीने पाहता बेने इस्रायल मशिदींची वही आणि पंजाबरावांचे विधेयक यांची मागणी एकच: धर्माचा पैसा समाजापुढे मांडा.

आणि या समाजाने ती मागणी पुरी केली, ती शिकलेल्या माणसांच्या बळावर. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1875 साली मुंबईत मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने मोठी झाली. बेने इस्रायलांचा विस्तृत इतिहासही त्यांनी लिहून ठेवला, तो त्यांच्या पश्चात 1937 मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. इब्रू प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर, किंवा जंजिरा संस्थानचे कारभारी शालोम बापूजी इस्रायल, ही माणसे मशिदीच्या सभेतही बसत आणि सरकारी कचेरीतही. त्यांच्या हाताला दप्तराची सवय होती. या समाजाच्या कारभाराला जी रीतसर शिस्त आहे ती याच मार्गाने आली असली पाहिजे. स्त्रियांचा प्रवेश मात्र उशिरा झाला. बेने इस्रायल स्त्री मंडळ 1913 मध्ये स्थापन झाले. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने 1925 मध्ये ज्यूइश रिलिजियस युनियन निघाली, आणि स्त्रीपुरुषांनी शेजारी बसून प्रार्थना करण्याची प्रथा मुंबईत प्रथम तिच्या सभांतून दिसली. जुन्या मशिदींच्या व्यवस्थापनात स्त्रीची सही मान्य होण्यास त्याहूनही बराच काळ लागला, आणि याचा दोष मी निःसंकोचपणे मुकादमांच्या माथी मारतो.

1948 नंतर सारा हिशेब पालटला. इस्राएल राष्ट्र जन्मले आणि बेने इस्रायल तिकडे निघाले. अश्दोद, दिमोना, लोद, बेर शेवा येथे त्यांच्या वसाहती झाल्या. तेथे गेल्यावर त्यांचे यहुदीपण पुरेसे शुद्ध आहे की नाही असा प्रश्न तेथील रब्बीमंडळाने विवाहाच्या बाबतीत उभा केला, आणि 1964 मध्ये जेरुसलेमात धरणे धरून या मराठी माणसांनी तो मागे घ्यायला लावला. शतकानुशतके रब्बीवाचून निभावलेल्या समाजाला रब्बींनी वंशावळ विचारावी, हा अन्याय मला आजही सलतो. पण जाणारे थांबले नाहीत. भारतातील यहुद्यांची संख्या 1951 मध्ये वीस हजारांच्या पुष्कळ वर होती, 2011 च्या खानेसुमारीत ती साडेचार हजारांच्या आसपास राहिली, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. मागे राहिल्या मशिदी. जेथे पूर्वी पैसा कमी आणि माणसे उदंड, तेथे आता इमारत मोठी, जागा मोक्याची आणि आत माणसे अर्धा डझन, अशी अवस्था कोकणातल्या कितीतरी गावी आहे.

त्यामुळे आजच्या विश्वस्तापुढे जे काम आहे ते जुन्या गब्बायापेक्षा कठीण. एक विश्वस्त निवर्तला किंवा परदेशी गेला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. त्याबरोबर सभेची नोटीस, ठराव, उपस्थितांच्या सह्या. अर्जाला हरकत आली की तो वर्षानुवर्षे लोंबकळतो, आणि तोवर बँकेतल्या खात्यावर सही कोणाची हा पेच. गणसंख्या भरायला सभासद नाहीत, असे झाले तर दुसरी सभा बोलवायची. दरवर्षी लेखापरीक्षण. अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून मिळकत विकता येत नाही, अदलाबदलीने किंवा बक्षीस देता येत नाही, आणि इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. या कलमावर बिल्डरांचे दलाल नाराज असतात. पण हे कलम नसते तर कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी मशिदींच्या जागी आज दुकानांचे गाळे दिसले असते, म्हणून मी त्याला या समाजाचा अदृश्य मुकादम समजतो.

दुसरा पेच पैशाचा, आणि तो फार हृदयद्रावक आहे. अश्दोदला गेलेला, तेथील नागरिक झालेला एखादा मुलगा आपल्या आजोबांच्या मशिदीच्या कौलांसाठी काही रक्कम पाठवू इच्छितो. 2010 च्या विदेशी अंशदान अधिनियमाच्या दृष्टीने तो परदेशी नागरिक, म्हणून ते पैसे विदेशी देणगी. त्यांसाठी संस्थेची केंद्र सरकारकडे नोंदणी हवी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते प्रथम नवी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच उतरले पाहिजेत. रेवदंड्याच्या किंवा अलिबागच्या चार म्हाताऱ्यांनी हा सोपस्कार करावा तरी कसा? सुरक्षिततेच्या कायद्यांचे प्रयोजन मी नाकारत नाही. परंतु पूर्वजांच्या देवघरासाठी आलेल्या कौलांच्या पैशाला वेगळी, सोपी वाट असावी, असे आग्रहाने म्हणतो.

सेफरचीही अशीच अडचण. एक सेफर म्हणजे चर्मपत्रावर विशिष्ट शाईने हाताने लिहिलेली 3,04,805 अक्षरे. त्यांतले एक अक्षर फुटले, पुसले, दुसऱ्याला चिकटले तरी तो वाचनाला अपात्र ठरतो. कोकणच्या दमट हवेत चर्म फुगते, शाई सुटते. दुरुस्तीला सोफेर, म्हणजे धर्मलेखक, पाहिजे, आणि तो आता परदेशातूनच बोलवावा लागतो. जो दुरुस्त होण्यापलीकडे गेला तो जाळत नाहीत, फेकत नाहीत. माणसासारखा दफनभूमीत पुरतात. दफनभूम्या तर त्याहूनही अधिक चिंतेच्या: कुंपण पडले, शेजारच्याने एक हात पुढे सरकून चर काढला, पावसात झुडपे वाढली, आणि कबरीवरली मराठी अक्षरे शेवाळाखाली गेली. विश्वस्ताला वर्षातून एकदा तलाठ्याकडे जाऊन सातबारा तपासावाच लागतो.

हे सारे अपुरे पडले म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे समोर आहेत. कराचीतील बेने इस्रायलांनी 1893 मध्ये ‘मागेन शालोम’ बांधले. मराठी बोलणारा तो समाज फाळणीनंतर निघून गेला आणि 1988 मध्ये ते पाडले गेले. कोचीनच्या कडवुंभागम सिनेगॉगमधले लाकूडकाम 1991 मध्ये उचलून जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात नेले, तेथे ते सुंदर जतन झाले आहे, पण तेथे कोणाचा शनिवार सुरू होत नाही. मुंबईच्या फोर्टातील ‘केनेसेथ एलियाहू’ हे ससूनांचे 1884 चे मंदिर मात्र काही वर्षांपूर्वी दुरुस्त होऊन 2019 मध्ये पुन्हा उघडले, आणि तेथे प्रार्थनाही होते. माणसे टिकली तरच दगड टिकतात असे नव्हे, पण माणसे मुळीच नसली तर दुरुस्ती कोणासाठी, हा प्रश्न उरतो.

2008 च्या मुंबई हल्ल्यात नरीमन हाऊस या यहुदी केंद्रावर झालेल्या आघातानंतर सिनेगॉगच्या दारांवर पोलीस आले, आधी कळवून ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि दहावा माणूस म्हणून अकस्मात शिरणाऱ्या पाहुण्याची चौकशी आता दोनदा होते. 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. शाळा, शिष्यवृत्ती, जन्म-विवाहाच्या नोंदी यांत त्यांना त्याचा उपयोग होतो, पण त्या दर्जाने मशिदीच्या गच्चीची गळती थांबत नाही.

मला सर्वांत तातडीचे वाटते ते दप्तर. या मशिदींची सभावृत्ते, वर्गणीच्या याद्या, लिलावांच्या वह्या, लग्नांची नोंदपुस्तके ही पुष्कळशी मराठीत आहेत. त्यांच्यात आडनावे आहेत, गावे आहेत, कोणी कोणत्या साली किती दिले आणि कोणाशी भांडले हे आहे. सामाजिक इतिहासाला एवढा जिव्हाळ्याचा कागद दुसरा मिळणे कठीण. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवणाऱ्या लोकांनी भाषा जपली, पण हे कागद कोकणातल्या आणि मुंबईतल्या कपाटांतच आहेत, आणि कसर व दमट हवा त्यांची मुदत ठरवत आहेत. पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती या विद्यापीठांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी विश्वस्तांच्या संमतीने त्यांच्या प्रती काढाव्या, मूळ प्रती जागच्या जागी राहू द्याव्या, आणि एक प्रत धर्मादाय कार्यालयाच्या स्वाधीन करावी. अमरावती विद्यापीठातील एखाद्या विद्यार्थ्याने रेवदंड्याच्या किंवा पेणच्या वह्यांवर आपला प्रबंध लिहायला घेतला, तर त्याला मार्गदर्शकाची तेवढी खोटी. बाकी सामग्री कपाटात तयार आहे.